मानवी रोगप्रतिकार यंत्रणा

मानवी रोगप्रतिकार यंत्रणा म्हणजे जीवाणू, विषाणू, बुरशी आणि परजीवी यांच्या संसर्गापासून शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी, ऊती, अवयव व रेणू यांची परस्परांशी जोडलेली व्यवस्था होय. हृदय किंवा यकृत यांप्रमाणे तिचे एकच ठिकाण नसते. अस्थिमज्जा, यौवनलोपी ग्रंथी (थायमस), प्लीहा, लसीका ग्रंथी, आतड्याचे अस्तर आणि रक्त अशा अनेक ठिकाणी ती विखुरलेली असते. तिचे दोन भाग मानले जातात. उपजत प्रतिकार जन्मतःच तयार असतो आणि जंतूचा शिरकाव झाल्यापासून मिनिटांत किंवा तासांत कामाला लागतो. उपार्जित प्रतिकार विशिष्ट जंतूसाठी घडवला जातो. पहिल्या भेटीत त्याला प्रभावी होण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात, मात्र तो त्या जंतूची आठवण ठेवतो. या दोहोंमधील काळात जंतू किती वाढतो, यावर अनेक संसर्गजन्य रोगांचा शेवट अवलंबून असतो.

कोल्हापूर आणि परिसराने गेल्या सव्वाशे वर्षांत पाहिलेल्या रोगांपैकी प्लेग, कावीळ आणि डेंग्यू हे तीन रोग या वेळेच्या शर्यतीची तीन वेगळी रूपे दाखवतात. प्लेगमध्ये जंतू यंत्रणेच्या पुढे धावतो, काविळीत यंत्रणेच्या प्रहारानेच अवयव दुखावतो आणि डेंग्यूत जुनी आठवणच कधी कधी घात करते. पुढील विवेचनात या तिन्ही रोगांचा आधार घेतला आहे.

शरीराच्या सीमा

बहुतेक जंतू शरीरात शिरूच शकत नाहीत. त्वचेचा बाहेरचा थर मृत, कोरड्या व एकमेकांना घट्ट चिकटलेल्या पेशींचा असतो आणि तो सतत झडत राहतो. श्वासमार्गातील चिकट स्राव धूळ व जंतू अडकवतो आणि सूक्ष्म केसांसारखे तंतू तो घशाकडे ढकलतात. अश्रू व लाळ यांत जीवाणूंची भित्तिका फोडणारे लायसोझाइम हे विकर असते. जठरातील आम्लात अन्नपाण्याबरोबर गेलेले असंख्य जीवाणू मरतात. म्हणूनच ज्यांच्या जठरातील आम्ल कमी झालेले असते, त्यांना पटकीसारखा रोग कमी जंतूंनीही होऊ शकतो. आतड्यात कायम वस्तीला असलेले निरुपद्रवी जीवाणू परक्या जीवाणूंना जागा व अन्न मिळू देत नाहीत.

या सीमेला बगल देण्याचे मार्ग जंतूंनी शोधले आहेत. पिसू आणि डास त्वचेला छिद्र पाडून जंतू थेट आत सोडतात. काविळीचा विषाणू जठरातील आम्लात टिकतो.

उपजत प्रतिकार

सीमा ओलांडलेल्या जंतूची गाठ प्रथम भक्षकपेशींशी पडते. रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून पाहिला, तेव्हा भटक्या पेशी काट्याभोवती जमा झालेल्या त्यांना दिसल्या. पेशी जंतू गिळून त्याचा नाश करतात, या सिद्धांताचा उगम त्या निरीक्षणात आहे. त्यासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पाउल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले. ओडेसा येथील त्यांच्या विद्यार्थ्यांत वाल्देमार हाफकिन हे होते. पुढे मुंबईच्या प्लेगशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

भक्षकपेशींचे दोन मुख्य प्रकार आहेत. महाभक्षक पेशी ऊतींमध्ये कायम पहाऱ्यावर असतात. उदासीनरागी पेशी (न्यूट्रोफिल) रक्तात फिरतात आणि हाक येताच जखमेकडे धाव घेतात. अस्थिमज्जा दररोज सुमारे १०० अब्ज उदासीनरागी पेशी तयार करते. रक्तातील त्यांचे आयुष्य अल्प असते. गळवातील पू हा मुख्यतः त्यांच्याच मृत पेशींचा असतो.

या पेशी प्रत्येक जंतूला स्वतंत्रपणे ओळखत नाहीत. जीवाणूंच्या भित्तिकेतील काही रेणू किंवा विषाणूंच्या जनुकीय द्रव्याची ठेवण मानवी पेशींत आढळत नाही. अशा मोजक्या खुणा ओळखणारे ग्राही त्यांच्यावर असतात. खूण पटली की त्या सायटोकाइन नावाचे संदेशक रेणू सोडतात. त्यांमुळे जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव व पेशी बाहेर येतात आणि लाली, सूज, उष्णता व वेदना ही दाहाची चार लक्षणे उमटतात. हेच संदेश मेंदूपर्यंत पोहोचले की शरीराचे तापमान वाढवले जाते. ताप हा अशा रीतीने जंतूचा नव्हे, तर शरीराचा निर्णय असतो.

विषाणू पेशीच्या आत लपत असल्याने त्यांच्यासाठी वेगळी तजवीज आहे. संसर्ग झालेली पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते आणि त्या आपली प्रथिननिर्मिती आवरून विषाणूची वाढ रोखतात. नैसर्गिक मारकपेशी संशयास्पद पेशींचा नाश करतात. रक्तातील पूरक प्रथिने जीवाणूंवर चिकटून त्यांना छिद्रे पाडतात किंवा भक्षकपेशींना ते गिळणे सोपे करतात.

लसीका ग्रंथी आणि प्लेगची गाठ

उपजत प्रतिकाराचे आणखी एक काम म्हणजे उपार्जित प्रतिकाराला वर्दी देणे. वृक्षाभपेशी जंतूचे तुकडे उचलून लसीकावाहिन्यांतून जवळच्या लसीका ग्रंथीत नेतात. शरीरात अशा काही शे ग्रंथी असून त्या मान, काख व जांघ येथे अधिक असतात. एखाद्या विशिष्ट जंतूला ओळखणाऱ्या लसीकापेशी इतक्या थोड्या असतात की त्यांची आणि जंतूच्या तुकड्याची भेट शरीरात कोठेही सहज घडणे अशक्यच. ग्रंथी ही त्या भेटीची ठरलेली जागा आहे. पायाला जखम झाल्यावर जांघेत अवधाण येते, ते ग्रंथीत चाललेल्या या कामामुळेच.

प्लेगची गाठ ही याच ग्रंथीची गाठ होय. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात या रोगाचे निदान डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी केले. त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांत त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटले जाई, तर लोक ‘गाठीचा ताप’ म्हणत. दोन्ही नावे लक्षणाच्या नेमक्या जागेवर बोट ठेवतात. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. साथ दक्षिणेकडे सरकत कोल्हापूर संस्थानात पोहोचली तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी लोकांना गावाबाहेर झोपड्यांत राहण्यास प्रवृत्त केले. रोगाचा प्रसार नेमका कसा होतो, याविषयी तेव्हा एकमत नव्हते. पण उंदीर आणि पिसवांनी भरलेली घरे सोडणे हा उपाय प्रत्यक्षात योग्य ठरत होता. पिसवांमार्फत प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराची येथे प्रयोगाने दाखवले.

पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ बहुधा जांघेत येते. प्लेगचा जीवाणू (येर्सिनिया पेस्टिस) पिसवेच्या थंड शरीरातून माणसाच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानात आला की आपले रूप बदलतो. त्याच्याभोवती प्रथिनाचे निसरडे आवरण तयार होते, त्यामुळे त्याला गिळणे अवघड होते. भित्तिकेतील एका रेणूची रचना अशी बदलते की भक्षकपेशींचे ग्राही ती खूण नीट ओळखू शकत नाहीत. शिवाय तो सुईसारख्या सूक्ष्म यंत्रणेने भक्षकपेशींत अशी प्रथिने टोचतो की त्यांची गिळण्याची आणि वर्दी देण्याची शक्ती लोप पावते. परिणामी जेथे शरीराने लढ्याची तयारी करावी, त्या ग्रंथीतच जीवाणू बेसुमार वाढतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दोन ते सहा दिवस जातात आणि त्यानंतर उपचार न झाल्यास थोड्याच दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. उपार्जित प्रतिकार उभा राहण्यास लागणारा अवधीच अनेक रुग्णांना मिळत नसे. आज योग्य प्रतिजैविके वेळेवर दिल्यास बहुसंख्य रुग्ण वाचतात, कारण औषध जीवाणूला रोखून शरीराला तो अवधी मिळवून देते.

उपार्जित प्रतिकार

लसीकापेशींचे बी आणि टी असे दोन मुख्य प्रकार आहेत. दोन्ही अस्थिमज्जेत जन्मतात. बी पेशी तेथेच वाढतात, तर टी पेशी छातीतील यौवनलोपी ग्रंथीत जाऊन परिपक्व होतात. प्रत्येक पेशीवर एकाच प्रकारचे ग्राही असतात. ते घडवताना जनुकांचे काही तुकडे यदृच्छेने जोडले जातात. थोड्या जनुकांतून अब्जावधी वेगवेगळे ग्राही कसे तयार होतात, हे कोडे सुसुमू तोनेगावा यांनी सोडवले. त्यासाठी त्यांना १९८७ चे नोबेल मिळाले. या पद्धतीचा अर्थ असा की, पृथ्वीवर अद्याप न आलेल्या विषाणूला ओळखू शकणारी एखादी पेशीही आपल्या शरीरात आधीच फिरत असू शकते. २०२० मध्ये कोविड-१९ चा विषाणू कोणाच्याही ओळखीचा नव्हता, तरी बहुतेकांच्या शरीरांनी त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली, ती यामुळेच.

यदृच्छेतून स्वतःच्याच शरीराला ओळखणारे ग्राहीही निर्माण होतात. यौवनलोपी ग्रंथीत अशा टी पेशींची चाळणी होते आणि तेथे शिरलेल्यांपैकी फारच थोड्या पेशी बाहेर पडतात. बाकीच्या तेथेच मरतात.

योग्य ग्राही असलेल्या पेशीला ग्रंथीत तिचा जंतू भेटला की ती विभागू लागते. एकीच्या हजारो होतात. बी पेशी या काळात आपल्या ग्राहींत लहान लहान बदल करतात आणि जंतूला अधिक घट्ट धरणाऱ्या पेशीच पुढे टिकतात. यांतील काही पेशी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) स्रवणारे कारखाने बनतात. प्रथम येणारी आयजीएम प्रतिपिंडे घाईने पाठवलेल्या कुमकेसारखी असतात; नंतरची आयजीजी अधिक अचूक व टिकाऊ असतात. आयजीए आतडे, श्वासमार्ग आणि आईच्या दुधात काम करते. रक्ततपासणीत आयजीएम आढळल्यास संसर्ग नुकताच झाला असावा आणि केवळ आयजीजी आढळल्यास तो पूर्वीचा असावा, असे अनुमान याच क्रमावरून काढले जाते.

प्रतिपिंडे तयार होण्यासाठी आजारच व्हावा लागतो असे नाही. ‘ए’ रक्तगटाच्या माणसात ‘बी’विरुद्धची प्रतिपिंडे लहानपणीच आढळतात, कारण आतड्यातील जीवाणूंवर तशाच शर्करा असतात व शरीर त्यांना पाहून शिकते. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या व्यक्तींमध्ये ‘ओ’ गटाच्या रक्तावरील शर्करेविरुद्धही प्रतिपिंडे असतात. इतर सर्वांना चालणारे ‘ओ’ रक्त त्यांना घातक ठरते.

प्रतिपिंडे पेशीच्या आत शिरलेल्या विषाणूपर्यंत पोहोचत नाहीत. ते काम मारक टी पेशींचे आहे. प्रत्येक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे नमुने पृष्ठभागावर मांडत असते. त्यांत विषाणूचा तुकडा दिसला की मारक टी पेशी त्या पेशीचाच नाश करते. साहाय्यक टी पेशी बी पेशी, भक्षकपेशी आणि मारक पेशी या सर्वांना चेतवतात. एचआयव्ही विषाणू नेमक्या याच साहाय्यक पेशींत शिरतो. त्यामुळे उपचार न झाल्यास वरवर संबंध नसलेले अनेक संसर्ग एकाच वेळी डोके वर काढतात. त्यांत भारतात क्षयरोगाचा क्रम पहिला लागतो.

काविळीचे उदाहरण

२०१२ च्या उन्हाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे काविळीची मोठी साथ आली. तिचे कारण हिपॅटायटिस ई हा विषाणू होता. मैल्याने दूषित झालेल्या पिण्याच्या पाण्यातून तो पसरतो. पंचगंगेच्या काठच्या शहरांत सांडपाण्याचा प्रश्न जुना आहे आणि या रोगाचे मूळ प्रतिकारशक्तीत नव्हे, तर नळाच्या पाण्यात आहे, हे प्रथम नोंदवले पाहिजे.

या रोगाची गती प्लेगच्या अगदी उलट असते. विषाणू शरीरात गेल्यानंतर लक्षणे दिसण्यास दोन ते दहा आठवडे, सरासरी पाच ते सहा आठवडे लागतात. या काळात तो यकृताच्या पेशींत वाढत असतो. परंतु त्या पेशींना तो स्वतः फारसा अपाय करीत नाही. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे दिसू लागतात ती टी पेशी संसर्गग्रस्त यकृतपेशींचा नाश करू लागल्यावर. दुसऱ्या शब्दांत, रुग्ण पिवळा पडतो तेव्हा विषाणूची पीछेहाट बहुधा सुरू झालेली असते. यकृताची पुनरुत्पत्तीची क्षमता मोठी असल्याने बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात. साथीचा उगम शोधणेही याच विलंबामुळे कठीण होते: रुग्णालयात गर्दी होते, तोवर दूषित पाणी पिऊन महिना उलटलेला असतो.

गरोदर स्त्रियांच्या बाबतीत मात्र हा रोग भयंकर रूप घेतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत लागण झाल्यास २० ते २५ टक्क्यांपर्यंत मातांचा मृत्यू होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना नमूद करते. गर्भ अर्धा पित्याच्या वंशाचा, म्हणजे मातेच्या यंत्रणेसाठी अंशतः परका असतो. तो टिकावा म्हणून गरोदरपणात प्रतिकाराचा तोल बदललेला असतो. या बदलाचा व संप्रेरकांचा या तीव्रतेशी संबंध जोडला जातो. पाण्याविषयी शंका असेल तेथे गरोदर स्त्रीला उकळलेलेच पाणी द्यावे, हा सल्ला म्हणूनच औपचारिकतेचा नाही.

स्मृती आणि लस

संसर्ग ओसरल्यावर लढलेल्या बहुतेक लसीकापेशी मरतात. थोड्या स्मृतिपेशी म्हणून उरतात आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या काही पेशी अस्थिमज्जेत वर्षानुवर्षे राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर आठवडाभराचे काम एक-दोन दिवसांवर येते आणि रोग होण्याआधीच संसर्ग संपतो. हा अवधी आधीच वसूल करून ठेवणे म्हणजे लसीकरण.

भारतातील पहिले नोंदलेले लसीकरण १४ जून १८०२ रोजी मुंबईत झाले. ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तन देवीची लस टोचण्यात आली आणि तिच्यापासून मिळालेली लस पुढे इतरांना दिली गेली. मराठीत लस टोचण्याला ‘देवी काढणे’ म्हणत. त्या टोचणीचे व्रण आज साठीच्या आसपास किंवा पुढे असलेल्या अनेकांच्या दंडावर आहेत. देशातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जगातून या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगच्या लसीचे काम सुरू केले. मांसरसाच्या द्रावणावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की प्लेगचे जीवाणू त्यांना धरून खाली लोंबत वाढतात, हे त्यांनी पाहिले. असे वाढवलेले जीवाणू उष्णतेने मारून त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तिची पहिली मात्रा त्यांनी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरल्यावर तयार झालेल्या कैद्यांना ती देण्यात आली. लस घेतलेल्यांत रोगाचे व मृत्यूचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा कमी राहिले. कैद्याच्या संमतीला किती अर्थ असतो, हा आजच्या वैद्यकीय नीतिशास्त्रातला प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नाही. लसीने ताप येई, हातही बराच दुखे आणि तिचे संरक्षण अपुरे होते. तरीही प्लेगच्या वेगापुढे शरीराला आगाऊ तयारी करू देणारे दुसरे साधन तेव्हा नव्हते.

१९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका हाफकिन यांच्यावर आला. दूषण प्रयोगशाळेत नव्हे तर गावात बाटली उघडताना झाले असावे, हे रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी पाठपुरावा केल्यानंतर १९०७ मध्ये त्यांची मुक्तता झाली. परळ येथील प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. तीच आजची हाफकिन संस्था. धनुर्वाताचा येथे आणखी एक संबंध आहे. या रोगाचे विष इतके जहाल असते की प्राणघातक मात्राही यंत्रणेला चेतवण्यास अपुरी पडते. त्यामुळे धनुर्वातातून बरा झालेला रुग्णही सुरक्षित नसतो व त्यालाही लस द्यावी लागते. येथे लस निसर्गापेक्षा सरस ठरते.

उसना प्रतिकार

स्वतःची प्रतिपिंडे तयार होण्यास वेळ नसेल तर ती दुसऱ्याकडून घेता येतात. गर्भाला आईची आयजीजी प्रतिपिंडे वारेतून मिळतात आणि जन्मानंतर काही महिने पुरतात. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांतील घट्ट, पिवळसर दूध, म्हणजे चीक, आयजीएने समृद्ध असते. ते वाईट समजून पिळून टाकण्याची रीत काही घरांत होती. तीमुळे बाळ आतड्याच्या संरक्षणाला मुकते. गाईच्या वारेतून प्रतिपिंडे जात नसल्याने वासरू तर पहिल्या दिवसाच्या चिकावर सर्वस्वी अवलंबून असते. खरवस करताना आपण हीच प्रथिने उकडून घट्ट करतो. चव राहते, प्रतिपिंडे निकामी होतात.

श्वानदंशानंतरचा उपचार हा उसन्या व स्वतःच्या प्रतिकाराचा मेळ आहे. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंमधून मेंदूकडे सरकतो व त्यास बहुधा दोन-तीन महिने लागतात, क्वचित त्याहून बरेच कमी. म्हणून चावा बसल्यानंतरही लस देऊन शर्यत जिंकता येते. जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुणे, लसीच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशी घेणे आणि खोल जखमेत तयार प्रतिपिंडांचे (रेबीज इम्युनोग्लोब्युलिन) इंजेक्शन देणे, ही त्याची रीत होय. लसीने प्रतिपिंडे तयार होईपर्यंतचे दिवस हे इंजेक्शन सांभाळते. विषाणू मेंदूत पोहोचल्यानंतर मात्र उपाय उरत नाही. हळद, चुना किंवा मिरची लावण्यात गेलेला वेळ हा त्याच शर्यतीतला वेळ असतो.

आठवण घात करते तेव्हा: डेंग्यू

कोल्हापुरातील राजारामपुरी ही क्रमांक दिलेल्या गल्ल्यांनी ओळखली जाणारी वस्ती आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास अशाच दाट वस्तीत, घरातील स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो: पिंप, हौद, गच्चीवरची उघडी टाकी, कुंडीखालची ताटली, टाकून दिलेला टायर. तो सहसा जन्मस्थळापासून काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही. त्यामुळे डेंग्यूचे रुग्ण बहुधा गल्लीगल्लीने, घरटी दिसतात. एकाच गल्लीतील दोघांना एकाच डासाने दंश केला, तरी दोघांचा आजार सारखा असेलच असे नाही, कारण दोघांच्या शरीरातील आठवणी वेगळ्या असतात.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा संसर्ग झाल्यावर त्याविरुद्ध दीर्घकाळ संरक्षण मिळते. इतर तिघांविरुद्ध ते काही महिनेच टिकते. नंतर दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग झाल्यास जुनी प्रतिपिंडे नव्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निष्प्रभ करू शकत नाहीत. प्रतिपिंड चिकटलेला जंतू गिळावा, ही तर भक्षकपेशींची शिकवणच. डेंग्यूचा विषाणू मात्र भक्षकपेशींच्या आतच वाढतो. अशा रीतीने जुनी प्रतिपिंडे त्याला हव्या त्या घरात नेऊन सोडतात. विषाणूची संख्या फुगते, सायटोकाइनांचा पूर येतो, केशवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो आणि रक्तदाब कोसळण्याचा धोका निर्माण होतो. हा धोका पुष्कळदा ताप उतरू लागल्यावर येतो. ‘ताप गेला, आता बरे वाटेल’ असे घरच्यांना वाटते नेमक्या त्याच वेळी पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा सुस्ती यांवर लक्ष ठेवावे लागते.

क्युबामध्ये १९७७ साली पहिल्या प्रकाराची आणि १९८१ साली दुसऱ्या प्रकाराची साथ आली. पहिली साथ संपल्यावर जन्मलेल्या लहान मुलांत १९८१ मध्ये तीव्र आजार क्वचितच आढळला. आधी एकदा संसर्ग होऊन गेलेल्यांना त्याचा फटका बसला. डेंग्यूची लस बनवणे का अवघड आहे, हेही यातून समजते. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून शाळकरी मुलांना दिलेल्या एका लसीबाबत पुढच्याच वर्षी असे दिसून आले की, पूर्वी डेंग्यू न झालेल्या मुलांत ती पुढील खऱ्या संसर्गाला अधिक तीव्र करू शकते. तेथील कार्यक्रम थांबवण्यात आला. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या बहुतेकांचा आजारही सौम्यच असतो, ही दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून घासण्याचा ‘कोरडा दिवस’ हा उपाय प्रतिकार यंत्रणेला या पेचात पडूच देत नाही.

‘प्रतिकारशक्ती वाढवणे’

कोविड-१९ च्या काळात काढे, गोळ्या आणि चूर्णे यांची जाहिरात या शब्दांनी झाली. प्रतिकार ही कमी-जास्त करता येणारी एकच शक्ती नाही. ॲलर्जी, दमा आणि संधिवाताचे काही प्रकार यांत ती अनाठायी वाढलेलीच असते. कोविड-१९ च्या गंभीर रुग्णांना डेक्सामेथासोन हे प्रतिकार दडपणारे औषध द्यावे लागले, कारण फुप्फुसांची हानी त्या टप्प्यावर दाहामुळे होत होती. याउलट कुपोषण, अनियंत्रित मधुमेह, धूम्रपान आणि सततची अपुरी झोप यांनी यंत्रणा दुबळी होते, याला भरपूर आधार आहे. प्रथिनांची व सूक्ष्म पोषकद्रव्यांची कमतरता भरून काढल्याने लाभ होतो. कमतरता नसताना अधिक घेण्याने तो सिद्ध झालेला नाही. विशिष्ट जंतूविरुद्ध प्रतिकार खात्रीने वाढवणारे साधन म्हणजे त्या जंतूची लस.

समूहाचा प्रतिकार

एखाद्या वस्तीतील पुरेसे लोक प्रतिकारक्षम असतील तर जंतूला पुढचा यजमान सापडत नाही. त्यामुळे लस घेऊ न शकणारी तान्ही मुले व कर्करोगाचे रुग्णही वाचतात. हे प्रमाण जंतूच्या संसर्गक्षमतेवर अवलंबून असते. गोवरासाठी ते सुमारे ९५ टक्के आहे. २०२२ मध्ये मुंबईतील गोवंडी परिसरात गोवराची साथ आली आणि तीत बालके दगावली. कोविड-१९ च्या काळात मागे पडलेले नियमित लसीकरण हे तिचे एक कारण मानले गेले. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींनाच गाठतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, गोवर झालेल्या मुलांनी पूर्वी इतर जंतूंविरुद्ध मिळवलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के गमावली होती. अंगावरचे पुरळ आठवड्याभरात मावळते. त्यानंतरची दोन-तीन वर्षे मात्र ते मूल न्यूमोनिया व अतिसार यांना, जणू त्यांची कधी गाठच पडली नव्हती, अशा रीतीने सामोरे जात असते. गोवराच्या लसीने ही हानी होत नाही. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिली जाते, कारण त्यापूर्वी आईकडून उसनी मिळालेली प्रतिपिंडे लसीतील विषाणूलाच निष्प्रभ करण्याची शक्यता असते. दुसरी मात्रा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिली जाते.